जुने फॉन्ट बंद करताना

संगणकावरचं मराठी दोन प्रकारांत साठवलेलं आहे. एक युनिकोडमधलं. ते मोबाइलवर दिसतं, शोधलं तर सापडतं, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेलं तरी तसंच राहतं. दुसरं त्याआधीच्या फॉन्टांमधलं. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी, आकृती ही त्यांची काही नावं. १९९० नंतर मराठी छपाई संगणकावर आली तेव्हा पुस्तकं, दिवाळी अंक, गावोगावच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल या फॉन्टांमध्येच जुळले. आज ते फॉन्ट चालवणारी सॉफ्टवेअरं एकेक करून मागे पडत आहेत. पण त्यांच्यावर हात बसलेली आणि पोट असलेली माणसं नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावात अजून आहेत.

जुनं बंद करावं की चालू ठेवावं, या वादाच्या दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, म्हणून तो दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. माणसं कल्पित आहेत, मुद्दे खरे. मामांचं अर्धापुरात डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. प्रणालीतल्या कालबाह्य सोयी काढून टाकणं हेच तिचं काम.

भाची : मामा, विंडोज एक्सपीचा हा संगणक अजून चालूच ठेवलाय तुम्ही?

मामा : तो चालू आहे म्हणून दुकान चालू आहे, माय. पेजमेकर, कोरल, श्रीलिपी, सगळं त्यावर. नवं मशीन घेतलं होतं, त्याला जुन्या पॅकेजचं कुलूप उघडणारं डोंगलच ओळखू येईना. सप्ताहाच्या पत्रिका, लग्नपत्रिका, केळीच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं, शाळेची स्मरणिका, सगळं यातूनच निघतं. गिऱ्हाईक मागच्या सालची पत्रिका घेऊन येतं. तारीख बदलायची, कीर्तनकार महाराजांची नावं बदलायची, की काम झालं. चालती गोष्ट कामून बंद करायची, ते सांग.

भाची : कारण ती चालते फक्त या एका यंत्रावर. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार थांबवला. पुढे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा बंद केलेल्या एक्सपीसाठीही त्यांना अपवाद करून दुरुस्ती द्यावी लागली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. जानेवारी २०२३ मध्ये अडोबीनं जुन्या टाइप वन फॉन्टांचाही आधार काढला. तुमचा सगळा धंदा अशा वस्तूंवर उभा आहे, ज्या बिघडल्या तर दुरुस्त करणारं कुणी उरलेलं नाही.

मामा : यातली एक तरी तारीख मला विचारून ठरली का? मी पॅकेज विकत घेतलं, तेव्हा पैसे एकदाच द्यायचे होते. २०१३ पासून अडोबीनं नवी सॉफ्टवेअरं फक्त भाड्यानं द्यायला सुरुवात केली. म्हणजे बंद करणार तुम्ही, आणि त्याचा खर्च माझ्या गल्ल्यातून. तालुक्याच्या छापखान्याला दर महिन्याचं भाडं म्हणजे काय, ते पुण्यात बसून कळत नाही.

भाची : खर्चाचं तुमचं म्हणणं मला पटतं, त्याच्याकडे येते. पण मला तुमच्या दुकानापेक्षा तुमच्या फाइलींची काळजी जास्त आहे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की फाइलीत काय साठतं, ठाऊक आहे ना?

मामा : ठाऊक कसं नाही? इंग्रजी ई, जे, के, मोठं बी आणि एच. फॉन्ट उडाला की पडद्यावर तीच इंग्रजी अक्षरं येतात. मी तीही वाचतो.

भाची : तुम्ही वाचता, संगणक वाचू शकत नाही. त्याच्या लेखी त्या फाइलीत मराठीचं एक अक्षर नाही. तेव्हा एका फॉन्टात जेमतेम २५६ जागा होत्या. त्यांतच अर्धी अक्षरं, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवायचे होते, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार ठेवले. त्या काळात ही मोठी युक्ती होती, तिच्यामुळेच मराठी छपाई संगणकावर आली. पण प्रत्येक कंपनीनं आकार आपल्या मनाप्रमाणे बसवले. त्यामुळे श्रीलिपीची फाइल कृतिदेवला कळत नाही आणि कृतिदेवची शिवाजीला. तुमच्या या यंत्रावर अर्धापूरच्या किती वर्षांच्या स्मरणिका असतील. त्यांतलं एखादं नाव शोधायचं म्हटलं तर?

मामा : शोधायला मी आहे. कोणत्या साली कुणाची एकसष्टी झाली, कोणत्या शाळेचा रौप्यमहोत्सव कधी झाला, सगळं डोक्यात आहे.

भाची : आणि तुमच्यानंतर? एखादी दृष्टिहीन मुलगी गावाचा इतिहास ऐकायला बसली, तर तिचं वाचक-सॉफ्टवेअर तिला तीच इंग्रजी अक्षरं एकेक करून ऐकवेल. ही मराठी शोधयंत्राला सापडत नाही, भाषांतराच्या यंत्राला दिसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपल्या सगळ्यांना आनंद झाला. पण याच भाषेचा अलीकडचा लिहिलेला ऐवज अशा फाइलींत पडून आहे. जुने फॉन्ट चालू राहिले की त्या ढिगात रोज भर पडते. म्हणून मी म्हणते, तारीख ठरवा आणि बंद करा.

मामा : आता माझं ऐक. मी नांदेडला मराठी टायपिंग शिकलो ते टाइपरायटरवर. मशीन गेलं, गोदरेजनं २००९ च्या सुमारास बनवणंच थांबवलं. राज्यात यंत्रावरच्या टंकलेखनाच्या परीक्षाही पुढे बंद झाल्या. पण बोटं गेली नाहीत. रेमिंग्टनची कळरचना जशीच्या तशी या फॉन्टांत आली, म्हणून माझ्यासारखे कितीक जण एका दिवसात संगणकावर बसू शकले. ई म्हणजे म, जे म्हणजे र, हे मला आठवावं लागत नाही. आता तुम्ही म्हणता इनस्क्रिप्ट कळरचना शिका. या वयात वेग शून्यावर येईल, तेवढ्या दिवसांची मजुरी कोण देणार?

भाची : इथं दोन गोष्टींची गल्लत होते, मामा, आणि ती आमच्याच लोकांनी केली. इनस्क्रिप्ट १९८६ मध्ये मानक म्हणून पुढे आलं. ते चांगलं आहे, एका रचनेत बहुतेक भारतीय लिप्या बसतात. नव्या मुलांनी तेच शिकावं. पण युनिकोड आणि इनस्क्रिप्ट एकच नाहीत. कोणती कळ दाबली, याच्याशी युनिकोडला देणंघेणं नाही. कोणतं अक्षर साठवलं, तेवढंच ते पाहतं. रेमिंग्टनच्याच कळा दाबून युनिकोड टाइप करता येतं. ऱ्हस्व वेलांटी तुम्ही अक्षराच्या आधी मारता, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. ती अदलाबदल मधलं छोटं सॉफ्टवेअर करतं. तुमच्या बोटांना त्याचा पत्ताही लागत नाही.

मामा : मग हे आम्हाला आधी कुणी सांगितलं? जो आला तो म्हणाला, तुमचं जुनं झालं, नवं शिका.

भाची : सांगायला हवं होतं. बदलायची होती साठवण. आम्ही हातची सवयही सोडायला लावली आणि लोक विरोधात गेले. माझ्या कामातही हेच दिसतं. जुन्याला चिकटून राहणारे लोक बहुतेक वेळा एखाद्या खऱ्या सोयीला चिकटलेले असतात. ती कोणती, हे विचारायचा कंटाळा केला की त्यांना हट्टी म्हणून मोकळं होता येतं.

मामा : सोय एकच नाही. अक्षराचं वळणही आहे. सुरुवातीला विंडोजमध्ये जे युनिकोड आलं, त्यात ल आणि श हिंदी वळणाचे. दऱ्या, तऱ्हा लिहायला गेलं की र नीट बसायचा नाही. ‘ॲ’ तर नव्हताच. लग्नपत्रिकेवर असं अक्षर छापलं तर गिऱ्हाईक पत्रिका तोंडावर फेकेल. तेव्हा श्रीलिपीत शेकड्यांनी वळणं होती आणि तुमच्याकडे एक मंगल.

भाची : त्या काळाबद्दल तुमचं खरं आहे. मंगल तरी प्राध्यापक र. कृ. जोशींसारख्या मराठी अक्षरकाराच्या हातचा होता, पण पडद्यावर वाचण्यासाठीचा एकटा फॉन्ट छापखान्याची गरज भागवू शकत नव्हता. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. अडोबीच्या पानं जुळवणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळायला २०१२ साल उजाडलं. म्हणजे नव्याची तयारी पुरी व्हायच्या आतच जुन्याला जुनं म्हणायला सुरुवात झाली होती. आज मात्र चित्र तसं नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं मुक्ता, बालू, मोदक असे फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्यानं दिले आहेत. ज्या फॉन्टात मराठीची वेगळी सोय आहे, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

मामा : बरं, उद्यापासून नव्यात टाइप करीन. जुन्या फाइलींचं काय?

भाची : त्या युनिकोडमध्ये आणायच्या. परिवर्तक आहेत. मायक्रोसॉफ्टचा टीबीआयएल होता, बाकीच्यांनीही बनवले.

मामा : मी करून पाहिलंय. रफार दुसऱ्याच अक्षरावर बसतो. आणि आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं ‘शुद्ध’मध्ये द आणि ध उलटे जोडले. छापल्यावर कुणाला कळत नव्हतं, दिसायला जवळजवळ सारखंच. परिवर्तकातून ते ‘शुध्द’ म्हणून बाहेर येतं. मग तुमचं शोधयंत्र ‘शुद्ध’ शोधतं आणि त्याला सापडत नाही. माणूस बसवून तपासावं लागतं. आणि तपासणारा कोण? ज्याला ती जुनी गिचमिड वाचता येते तो.

भाची : म्हणजे तुम्ही.

मामा : म्हणजे आम्ही. ज्यांना तुम्ही मागे राहिलेले म्हणता ते. मराठवाड्याला हा धडा नव्यानं शिकवायची गरज नाही, माय. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर उर्दूत होतं, त्याआधी फारसीत. घरची खाती, कागदपत्रं मोडीत. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली, कारभार मराठीत आला, ते व्हायलाच पाहिजे होतं. मोडीही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेतून गेली. पण जुनं दप्तर नव्या लिपीत उतरवून घ्यायचं राहिलं. मग २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा काय झालं? तहसिलात, भूमी अभिलेखात कागद होते, वाचणारे नव्हते. मोडीचे आणि उर्दूचे जाणकार हुडकावे लागले. लोकांचे जातीचे दाखले त्या चार ओळींवर अवलंबून होते.

भाची : हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, मामा. मोडी युनिकोडमध्ये २०१४ मध्ये आली, शाळांतून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी. वेळेवर उतरवून घेतलं असतं तर ही शोधाशोध पडली नसती. म्हणूनच मी घाई करते आहे.

मामा : माझ्याही बाजूचं आहे. मोडी बंद झाल्यानं नुकसान झालं नाही. मोडी वाचणारा माणूस कामाचा राहिला नाही, तिथं नुकसान झालं. त्याला तेव्हाच पगार देऊन बसवलं असतं, की बाबा, हे सगळं बाळबोधीत उतरव, तर बंद केलेलं चाललं असतं. आज तुम्ही माझ्याशी तेच करताय. तारीख देताय, काम देत नाही.

भाची : हे मान्य करायला हवं. आमच्याकडे एखादी सोय निवृत्त करताना चर्चा होते ती इतकीच, की अजून किती जण वापरतात? आकडा एका मर्यादेखाली आला की तारीख लागते. पण त्या थोड्या लोकांकडे काय आहे, हे विचारलं जात नाही. जुन्या फॉन्टचा शेवटचा वापरकर्ता आकड्यांत एकच असतो. त्याच्या कपाटात मात्र अख्ख्या तालुक्याची छापील स्मृती असते.

मामा : मग अर्धं अर्धं करू. जुनंही राहू द्या, नवंही चालू द्या. कुणाचं काय बिघडतं?

भाची : इथं मी मागे येणार नाही. दोन्ही चालू ठेवायचं म्हणजे कुणीतरी दोन्ही सांभाळायचं. जुन्या फॉन्टांचे कोड जाणणारे, परिवर्तक दुरुस्त करणारे, जुन्या डोंगलसाठी नव्या विंडोजवर जुगाड करून देणारे प्रोग्रामर मोजके आहेत. त्यांचा वेळ नव्या मजकुराची भर सांभाळण्यात गेला, तर साठलेलं बाहेर काढायला कोण उरणार? शिवाय मुदत नसली की कुणीच हलत नाही. केंद्र सरकारनं २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड अधिकृत मानक ठरवलं. तरी त्यानंतर कित्येक वर्षं तुमच्याकडे छपाईला जुन्या फॉन्टातलाच मजकूर येत होता ना?

मामा : येत होता. अजूनही येतो.

भाची : म्हणून मी बंद करण्याचे दोन टप्पे मानते. पहिला, जुन्यात नवं लिहिणं थांबवणं. याला जवळची तारीख हवी आणि ती पाळायला हवी. दुसरा, जुनं वाचता येणं थांबवणं. ही तारीख शक्य तितकी लांब. इंटरनेट एक्सप्लोररचं असंच झालं. तो ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त केला. पण कित्येक कार्यालयांची कामं त्याच्यावर बेतलेली होती, म्हणून एज या नव्या ब्राउझरमध्ये जुनी पानं उघडण्याची सोय ठेवली आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील, असं जाहीर केलं.

मामा : आणि पेजमेकरचं काय केलं?

भाची : तिथं उलट झालं. इनडिझाइनच्या २०१२ च्या सीएस सिक्सपर्यंत पेजमेकरची फाइल उघडता येत होती, पुढे ती सोय काढून टाकली. भारतीय लिप्या नीट जुळायला लागल्या त्याच आवृत्तीपाशी जुन्या फाइलींची वाट संपली. असं बंद करणं मला चुकीचं वाटतं. मी याच धंद्यात आहे, तरी वाटतं.

मामा : एक विचारू? तुमचं युनिकोड तरी टिकेल कशावरून? वीस वर्षांनी कुणी येऊन म्हणेल, हेही जुनं झालं.

भाची : रास्त शंका आहे. युनिकोडनं १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून नियम घालून घेतलाय, की एकदा एखाद्या अक्षराला क्रमांक दिला की तो हलवायचा नाही आणि काढायचाही नाही. ‘क’चा क्रमांक २३२५, तो तोच राहणार. नवी अक्षरं येतील, जुनं जाणार नाही. लिहिण्याची सॉफ्टवेअरं, पडदे, कळफलक बदलत राहतील, ते बदलायलाच हवेत. पण लिहिलेलं ज्यात साठतं, तिथं असं वचन द्यावं लागतं.

मामा : हे वचन श्रीलिपी घेताना मला कुणी दिलं असतं, तर आज हा वाद झाला नसता. मी नवं काम तुमच्या पद्धतीनं करीन. रेमिंग्टन मात्र सोडणार नाही. आणि हे यंत्र लगेच भंगारात देणार नाही. इंटरनेट काढून ठेवीन, पण शेवटची फाइल उतरेपर्यंत ते राहील. ते कधी होईल, हे तू ठरवायचं नाही.

भाची : तारखेशिवाय ते कधीच होणार नाही, असं मला अजूनही वाटतं.

वाद इथं मिटत नाही, आणि दोघांनी उगाच एकमत दाखवावं, असंही मला वाटत नाही. माझं मत भाचीकडे झुकतं. जुन्या फॉन्टांमध्ये नवा मजकूर तयार होणं थांबलं पाहिजे. सरकारी कार्यालयांनी, शाळांनी, नगरपंचायतींनी छपाईचं काम देतानाच युनिकोडमधली फाइल परत मागितली, तर छापखान्यांसाठी वेगळा आदेश काढावा लागणार नाही. पण बंद करण्याचं ओझं शेवटच्या वापरकर्त्यावर टाकण्याचा हक्क कुणालाही नाही, हे मामांचं म्हणणं त्याहून महत्त्वाचं आहे. ज्या कंपन्यांनी हे फॉन्ट विकले, त्यांनी कोणत्या जागी कोणता आकार ठेवला, याचे तक्ते सर्वांसाठी खुले करावेत. त्या फॉन्टांची आता विक्री फारशी होणार नाही, मराठीचं भलं मात्र होईल. राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे, पुण्याच्या सीडॅकनं भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम केलं आहे. तालुक्यातालुक्याच्या छापखान्यांतल्या फाइली गोळा करणं, त्या युनिकोडमध्ये आणणं आणि तपासणाऱ्या डीटीपीवाल्यांना पानागणिक मोबदला देणं, हे काम अशा संस्थांच्या आवाक्यातलं आहे.

ते आत्ताच व्हायला हवं, कारण ती गिचमिड नुसत्या नजरेनं वाचणारी पिढी पन्नाशी-साठीत आहे. सीडी खराब होत आहेत, हार्ड डिस्क बसत आहेत. निजामी दप्तराचा कागद पाऊणशे वर्षांनंतरही जाणकाराची वाट पाहत टिकून राहिला. या फाइली तेवढा काळ टिकणार नाहीत. बंद करण्याची तारीख ठरवायचीच असेल, तर या माणसांना काम देण्याची तारीख तिच्या आधीची असली पाहिजे.